आधी मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यावा, की आधी छायाचित्रांची साठवण मार्गी लावावी?

पाणथळ (धागाकर्ती)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी हौस म्हणून पक्ष्यांची आणि थोडीफार निसर्गदृश्यांची छायाचित्रे काढते आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी, म्हणजे तुलनेने लहान सेन्सरचा कॅमेरा आहे. त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि नंतर घेतलेली ७०-३०० मिमीची झूम लेन्स, एवढाच बाकीचा संसार आहे. दूरच्या फांदीवर बसलेला पक्षी कापून मोठा केला की पिसांचा तपशील विरतो, आणि संध्याकाळी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे न्यावा लागला की चित्र रवाळ दिसते. त्यामुळे ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा घ्यावा, असे बरेच दिवस मनात आहे.

दुसरी अडचण साठवणीची आहे. आजवरची सगळी छायाचित्रे, म्हणजे सुमारे १.४ टेराबाइट, एकाच बाह्य हार्ड डिस्कवर आहेत. गेल्या आठवड्यापासून ती जोडली की अधूनमधून टकटक असा आवाज येतो आणि फोल्डर उघडायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो. नवा कॅमेरा घेतला की मोठी डिस्कही घ्यावी आणि दोन्ही कामे एकदमच उरकावीत, असा माझा विचार आहे. कॅमेरा आणि लेन्स यांबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी फिल्म

कॅमेऱ्याविषयी इतर सदस्य लिहितीलच. मी आधी डिस्कविषयी लिहितो, कारण ते काम थांबण्यासारखे नाही. डिस्कचे वाचनशीर्ष ठरलेल्या जागी पोहोचू शकत नाही किंवा तिथले वाचू शकत नाही, तेव्हा ते मागे येऊन पुन्हा प्रयत्न करते आणि त्यातून असा आवाज येऊ शकतो. अशी डिस्क आणखी एक महिना चालेल की पुढच्या वेळी जोडल्यावर उघडणारच नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून ती आत्ताच काढून ठेवावी आणि नवी डिस्क हाती येईपर्यंत सहज म्हणूनही जोडून पाहू नये.

नवी डिस्क आल्यावर जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते सर्वांत आधी उतरवून घ्यावे. फाइल दुरुस्त करणारी कोणतीही सोय या डिस्कवर चालवू नये, कारण त्या सोयी डिस्कवर लिहितात, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेसुरले गमावणे होय. नेहमीच्या पद्धतीने कॉपी करताना एखादा खराब भाग आला की संगणक तिथेच अडकून बसतो. त्याऐवजी जीएनयू डीडीरेस्क्यू हे मुक्त सॉफ्टवेअर वापरावे. ते आधी सहज वाचता येणारे सगळे भाग उतरवते, अडलेल्या जागांची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवते आणि शेवटी त्या जागांकडे पुन्हा वळते. मध्येच काम थांबले तरी त्या नोंदीवरून पुढे चालू करता येते.

आवाज सतत येऊ लागला किंवा संगणकाने डिस्क ओळखणेच सोडले, तर मात्र घरचे प्रयोग थांबवून डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडे जावे. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा जुना उपाय अजूनही सुचवला जातो. तो कृपया करू नये, कारण बाहेर काढल्यावर आतल्या तबकड्यांवर दव धरते.

भिंगवेध

डिस्कबाबत वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आता कॅमेऱ्याकडे वळतो. आपली अपेक्षा आणि आपण निवडलेला उपाय यांचा मेळ बसत नाही, आणि हे थोडे आकडेमोडीने सांगावे लागेल.

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो, तर एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा. आपली ३०० मिमीची लेन्स दूरच्या पक्ष्याची जी प्रतिमा सेन्सरवर पाडते, तिचा मिलिमीटरमधला आकार सेन्सर बदलल्याने बदलत नाही. पक्ष्याची प्रतिमा आज ४ मिमी उंच पडत असेल, तर नव्या कॅमेऱ्यातही ती ४ मिमीच पडेल. फक्त तिच्या भोवतीचे आकाश आणि झाडी वाढेल. म्हणजे त्या ४ मिमीमध्ये किती पिक्सेल बसतात, हाच खरा प्रश्न आहे. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरमधून एपीएस-सी एवढा मधला तुकडा कापला, तर हाती सुमारे २० मेगापिक्सेल उरतात. आपल्या सध्याच्या सेन्सरवर त्याच जागेत २४ मेगापिक्सेल आहेत. तीच लेन्स, तेच अंतर आणि तोच पक्षी असताना नवा कॅमेरा पिसांसाठी थोडे कमीच पिक्सेल देईल.

४५ हा आकडा २४ च्या जवळजवळ दुप्पट आहे, पण ती दुप्पट क्षेत्रफळाची आहे. २४ मेगापिक्सेलच्या चित्राची लांब बाजू ६००० पिक्सेलची असते, ४५ च्या चित्राची सुमारे ८२५० ची. चौकट पूर्ण भरलेली असली तरी लांबीच्या दिशेने मिळणारा तपशील ३७-३८ टक्क्यांनी वाढतो.

आता लेन्सकडे पाहा. ३०० मिमी एफ/५.६ या लेन्सच्या प्रवेशछिद्राचा व्यास ३०० भागिले ५.६, म्हणजे सुमारे ५४ मिमी येतो. ६०० मिमी एफ/६.३ या लेन्सचा सुमारे ९५ मिमी येतो. एफचा आकडा पाहिला तर दुसरी लेन्स 'मंद' वाटते. परंतु एका ठरावीक पक्ष्याकडून येणारा प्रकाश गोळा होतो तो या छिद्राच्या क्षेत्रफळातून, आणि ते तिपटीहून थोडे अधिक आहे. शिवाय पक्ष्याची प्रतिमा लांबीरुंदीने दुप्पट पडते. पिसांचा तपशील आणि संध्याकाळचा रवाळपणा या आपल्या दोन्ही तक्रारींवरचा उपाय लेन्समध्ये आहे, सेन्सरमध्ये नाही.

एक विनंती आहे. काही घेण्याआधी गेल्या दोन वर्षांत आपल्याला आवडलेली आणि फसलेली अशी दोन्ही प्रकारची छायाचित्रे घेऊन त्यांच्या एक्झिफ नोंदी, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलीतच लिहून ठेवलेली माहिती, पाहाव्यात. फोकल लेंग्थ, शटर स्पीड आणि आयएसओ हे तीन रकाने पुरेत. डिजिकॅम किंवा एक्झिफटूल या सॉफ्टवेअरपैकी काहीही त्यासाठी चालेल. ज्याला आपण तपशिलाचा अभाव समजतो तो पुष्कळदा १/२५० सेकंदाला हललेला पक्षी असतो. लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप सावरते, पण पक्ष्याची मान वळत असेल तर त्याचा काही उपयोग नसतो.

संध्याप्रकाश

भिंगवेध यांचे गणित बरोबर आहे, तरी मोठ्या सेन्सरची बाजूही मांडली पाहिजे. धागाकर्तीने निसर्गदृश्यांचाही उल्लेख केला आहे. तिथे चौकट पूर्ण भरता येते, आणि मग फुल फ्रेमचे सव्वादोन पट क्षेत्रफळ खरोखर कामी येते. तोच एफ आकडा आणि तोच शटर ठेवल्यास एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा अधिक प्रकाश पदरी पडतो आणि सावल्या उजळताना तो फरक डोळ्यांना दिसतो. मी स्वतः एपीएस-सीवरून फुल फ्रेमवर गेलो आणि पहाटेच्या दृश्यांसाठी त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

आणखी एक मुद्दा फोकसचा आहे. अलीकडचे मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात. उडत्या पक्ष्यांसाठी हा बदल मला मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. मात्र ही सोय एपीएस-सी कॅमेऱ्यांतही मिळते, तिच्यासाठी फुल फ्रेमच घ्यावा लागतो असे नाही. आपल्या लेन्स एपीएस-सीसाठीच बनवलेल्या असतील, तर त्यांचे प्रतिमावर्तुळ फुल फ्रेमला पुरणार नाही आणि ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्या लेन्सवर सुमारे २० मेगापिक्सेलचाच होईल, हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरी प्रत

मला या धाग्यातील दोन्ही प्रश्न एकच वाटतात. मेगापिक्सेल वाढवले की साठवणीचा भार त्याच दिवसापासून कायमचा वाढतो. २४ मेगापिक्सेलची १४ बिटची, तपशील न गमावता आकुंचित केलेली रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीची फाइल, २५ ते ३० मेगाबाइटच्या आसपास असते. ४५ मेगापिक्सेलची ५० ते ६० च्या आसपास जाते. पक्ष्यांच्या मागे गेलेल्या एका सकाळी १५०० फ्रेम सहज होतात. आज ते सुमारे ४२ गिगाबाइट होत असतील, तर उद्या ८० च्या पुढे जातील. हे प्रत्येक प्रतीला लागू होते, म्हणून तीन प्रती ठेवणाऱ्याने या आकड्याला तीनने गुणावे.

तीन प्रती का, तेही सांगते. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत घराबाहेर, हा नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारामुळे सर्वत्र रुजला. तो एखाद्या संगणक कंपनीकडून आलेला नाही, छायाचित्रे सांभाळणाऱ्या माणसाकडून आला आहे, आणि म्हणूनच आपल्या कामाला तो नेमका बसतो. पहिली प्रत रोजच्या कामाची. दुसरी घरातच, पण एरवी संगणकापासून सुटी ठेवलेली, कारण सतत जोडलेली डिस्क विजेच्या धक्क्याने किंवा व्हायरसने पहिल्या प्रतीबरोबरच जाऊ शकते. तिसरी दुसऱ्या घरी. माझी तिसरी डिस्क बहिणीकडे असते आणि महिन्यातून एकदा मी ती आणि घरातली डिस्क यांची अदलाबदल करते.

जे बॅकअप नाही त्यालाही आपण बॅकअप समजतो, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करते. दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणारी रेड रचना एक डिस्क बंद पडली तर काम थांबू देत नाही. परंतु आपल्या हातून फोल्डर पुसला गेला, तर तो दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसला जातो. क्लाउडशी सतत जुळवून ठेवलेल्या फोल्डरचेही तसेच आहे. पुसलेल्या फाइली किती दिवस परत मिळतात, याची मुदत आधीच वाचून ठेवावी.

क्लाउड वापरूच नये असे माझे म्हणणे नाही. घराबाहेरची प्रत म्हणून तो उत्तम आहे. १.४ टेराबाइट चढवायला २० एमबीपीएस अपलोड वेगाने, एक क्षणही खंड न पडता, साडेसहा दिवस लागतात, हे मात्र माहीत असावे. सेवा मूळ फाइल जशीच्या तशी ठेवते की तिचा आकार कमी करते, आणि रॉ फाइल मुळात स्वीकारते का, हेही पाहावे. सेवांच्या अटी बदलतात. गूगल फोटोजची उच्च दर्जाची अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हा पुष्कळांना आपली सगळी मांडणी नव्याने करावी लागली होती.

पाणथळ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. डिस्क काढून ठेवली आहे. बॅकअपसाठी एसएसडी घ्यावी की साधी हार्ड डिस्क, याचाही कृपया खुलासा करावा. एसएसडीत हलणारे भाग नसल्यामुळे ती कपाटात वर्षानुवर्षे सुरक्षित राहील, असे मला वाटत होते.

जुनी फिल्म

रोजच्या कामासाठी, म्हणजे छायाचित्रांवर संस्कार करण्यासाठी आणि प्रवासात नेण्यासाठी, एसएसडी चांगली. ती वेगवान असते आणि हातातून पडली तरी बहुधा वाचते. कपाटात ठेवून देण्यासाठी मात्र हार्ड डिस्क घ्यावी. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपतो. इलेक्ट्रॉनिक भागांची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लेखनाची मर्यादा गाठलेल्या घरगुती वापराच्या एसएसडीने विजेशिवाय ३० अंश सेल्सियसला एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा आहे. नवी, थोडीच वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ अधिक टिकते. तरीही वर्षानुवर्षे न उघडण्याच्या प्रतीसाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

हार्ड डिस्क घेतानाही दोन्ही एकाच वेळी, एकाच खोक्यातून घेऊ नयेत. एकाच खेपेतल्या डिस्कांत एखादा दोष असलाच, तर तो दोन्हींत असण्याची शक्यता अधिक. ४ टेराबाइटची डिस्क संगणकावर ३.६ दाखवते म्हणून घाबरू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

कॉपी झाल्यावर ती बरोबर झाली आहे याची खात्री चेकसमने करावी. एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने प्रत्येक फाइलीची एक ठसेवजा संख्या काढून जपून ठेवली, की पाच वर्षांनीही त्या फाइलीतला एक बिट बदलला असल्यास तो कळतो. मी वर्षातून दोनदा दोन्ही डिस्कांवर ही पडताळणी लावतो. मागच्या खेपेला तीन फाइली बिघडलेल्या आढळल्या आणि दुसऱ्या प्रतीवरून त्या परत आणता आल्या. पडताळणी केली नसती, तर बिघडलेल्या फाइलीच चांगल्या प्रतीवर चढवल्या गेल्या असत्या.

संध्याप्रकाश

सगळे काही जपले आणि तरी नेमके हवे ते गेले, असा माझा एक अनुभव इथे लिहितो. माझ्या छायाचित्रांच्या दोन प्रती होत्या. संगणक बदलताना मी एक प्रत नव्या संगणकावर आणली, सगळ्या रॉ फाइली सुखरूप आल्या आणि जुना संगणक पुसून टाकला. त्यानंतर लक्षात आले की लाइटरूम या छायाचित्रांवर संस्कार करण्याच्या सॉफ्टवेअरचे कॅटलॉग, म्हणजे त्याचा नोंदसंग्रह, जुन्या संगणकाच्या आतल्या डिस्कवर होते आणि त्याची प्रत मी कधीच घेतली नव्हती. रॉ फाइलीला हे सॉफ्टवेअर हात लावत नाही. प्रकाश, रंग, कातर, तारांकने, शोधशब्द असे आपण केलेले सगळे संस्कार कॅटलॉगमध्ये राहतात. चार वर्षांचे ते काम माझ्या हातून गेले. चित्रे होती, पण त्यांतील निवडलेली कोणती आणि सोडून दिलेली कोणती, हे सांगणारे काहीच उरले नाही.

तेव्हापासून मी कॅटलॉगची प्रत छायाचित्रांबरोबरच ठेवतो आणि संस्कारांच्या नोंदी एक्सएमपी फाइलींतही लिहायला लावतो. डार्कटेबल हे तशाच कामाचे मुक्त सॉफ्टवेअरही प्रत्येक छायाचित्राशेजारी अशी एक्सएमपी फाइल ठेवते. ती साधी मजकूर फाइल असते, त्यामुळे निदान शोधशब्द आणि तारांकने दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतात. फोल्डर हलवायचे असतील तर ते सॉफ्टवेअरच्या आतूनच हलवावेत, नाहीतर कॅटलॉगला फाइली सापडत नाहीत. नावांसाठी वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवावा, म्हणजे फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात.

भिंगवेध

मेमरी कार्डांविषयी थोडक्यात. कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचनाचा असतो. आपल्याला हवा तो लिहिण्याचा सलग वेग. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, व्ही६० म्हणजे ६०. कॅमेरा यूएचएस-१ या (हळू) कार्डजोडणीचाच असेल तर यूएचएस-२ चे महागडे कार्ड घेऊन त्यात वेग वाढत नाही. नवे कार्ड आल्यावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या तपासणीच्या सॉफ्टवेअरने ते पूर्ण भरून तपासावे, कारण खोटी क्षमता दाखवणारी कार्डे बाजारात असतात आणि खरी मर्यादा ओलांडली की पुढची छायाचित्रे गुपचूप नाहीशी होतात. चुकून काही पुसले गेले तर कार्ड ताबडतोब काढून ठेवावे. त्यावर नवे काही लिहिले गेले नसेल, तर फोटोरेक हे सॉफ्टवेअर पुष्कळ काही परत मिळवून देते.

लांब लेन्स घेतलीत तर दमट हवेत तिला बुरशीपासून जपावे लागेल. ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटे आर्द्रतामापक एवढे पुरेसे आहे.

पाणथळ (धागाकर्ती)

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. नव्या डिस्कवर डीडीरेस्क्यूने उतरवण्याचे काम अडीच दिवस चालले. जवळजवळ सगळे परत आले, पण ४१ रॉ फाइली उघडत नाहीत. चांगल्या फाइलींची दुसरी प्रत घेऊन पडताळणी केली आहे आणि तिसरी डिस्क भावाकडे पोहोचवली आहे.

एक्झिफ नोंदीही पाहिल्या. माझ्या आवडीच्या पक्षिचित्रांपैकी बहुतेक सगळी ३०० मिमीला, म्हणजे लेन्सच्या अगदी टोकाला काढलेली आहेत. फसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक १/३२० सेकंद किंवा त्याहून मंद शटरची आहेत. भिंगवेध यांनी सांगितले नसते तर मी हा हिशेब कधीच मांडला नसता. फुल फ्रेमचा विचार सोडला आहे. आहे त्याच कॅमेऱ्यासाठी लांब लेन्स घेईन.

त्या ४१ फाइलींचे काही होऊ शकेल का? त्यांत पिल्लांना चारा भरवणाऱ्या धीवर पक्ष्याची एक संपूर्ण मालिका आहे.

जुनी फिल्म

प्रयत्न जरूर करावा. बहुतेक कॅमेरे रॉ फाइलीच्या आतच एक तयार जेपेग चित्र साठवतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण पाहतो ते तेच, आणि अनेक कॅमेऱ्यांत ते पूर्ण आकाराचे असते. खराब झालेला भाग रॉच्या माहितीत असेल आणि हे चित्र शाबूत असेल, तर एक्झिफटूल ते बाहेर काढून देते. मूळ फाइलींना हात न लावता त्यांच्या प्रतींवरच हे करावे. अर्थात, जेपेगमध्ये १४ बिटांऐवजी ८ बिट असतात, म्हणजे प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्यांऐवजी २५६, त्यामुळे सावल्या फार उजळता येणार नाहीत. पण चित्र हाती येईल.

पाणथळ (धागाकर्ती)

४१ पैकी २९ चित्रे निघाली. धीवराच्या मालिकेतील सतरांपैकी चौदा मिळाली आणि पिल्लाच्या चोचीत मासा जातानाची फ्रेम त्यांत आहे. आता त्या चौदा फाइलींच्याही तीन प्रती आहेत.